दगड जागचा आहे का?

तुम्ही रस्त्याने चालता, दगड दिसतो, तुम्ही पुढे जाता. मला तसं जाता येत नाही. मी थांबते आणि त्याच्याकडे संशयाने पाहते. हा इथलाच आहे, की कोणी आणून टाकला? रोडाच्या कामावर मशीनने ढकलला, नाल्याच्या पुरात घरंगळत आला, की धानाची बंधी साफ करताना कोण्या आजोबाने शेताच्या धुऱ्यावर, बांधावर लोटून दिला? माझी सून म्हणते, "आई, तुम्ही पाहुण्यांकडेही असंच पाहता." पाहत असेन बाप्पा. ज्या कामात माझे इतके हिवाळे गेले, ते कामच मुळी संशयाचं.

काम काय, तर दगडाला भोक पाडणं. या अंकाच्या ताईंनी फोनवर विचारलं तेव्हा मी एवढंच सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे खाणीत होता का?" पाहा, संशय तिथूनच सुरू होतो. खाणीत नाही. सोनं नाही, कोळसा नाही. दगडातून अंगठ्याएवढी कांडी काढायची, तिच्यावर दिशेची खूण करायची आणि ती प्रयोगशाळेत पाठवायची. ती कांडी सांगते, की हा दगड जन्मला तेव्हा आपली ही जमीन पृथ्वीच्या पाठीवर कुठे होती. कारण जमीन सरकते. गोंदिया जिल्हा आज आहे तिथे कायम नव्हता. हे मी लोकांना सांगते तेव्हा ते आधी माझ्याकडे पाहतात, मग माझ्या सुनेकडे.

मी शिकलेली सातवीपर्यंत. अर्जुनी मोरगावला रेस्ट हाउसवर स्वयंपाकाला होते. एका हिवाळ्यात दूरच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम मुक्कामाला आल्या. त्यांचं भोक पाडायचं मशीन म्हणजे लाकूड कापायच्या मशीनसारखं भुर्रभुर्र करणारं इंजिन, पुढे पोकळ नळी, नळीच्या तोंडाला हिऱ्याची भुकटी. ते तापतं, म्हणून सारखं पाणी मारावं लागतं. पाणी मारणारा माणूस तापाने पडला. मॅडमचं तोंड उतरलं. मी पाहिलं, तर तो पंप आपला धानावर औषध फवारायचा पाठीवरचा पंप. मी म्हटलं, "ये तो मैं मारती हूँ."

"आप? फिर खाना कौन बनाएगा?"

"मैंच. पहले पंप, फिर खाना."

त्या दिवशी भाजी करपली आणि मी दगडाची झाले ती झालेच. नंतर दर हिवाळ्याला, धान कापून झालं की, मॅडमचा फोन यायचा. बाकीचं मी ऐकत ऐकत शिकले. समजलं नाही की विचारायचे. मॅडम वैतागायच्या, पण सांगायच्या.

आता तुम्हालाही सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. जमिनीच्या पोटातून तापलेला रस वर येतो, पसरतो, थंड होऊन त्याचा दगड होतो. त्या रसात लोखंडाचे बारीक बारीक कण असतात. थंड होता होता ते सगळे तेव्हाच्या उत्तर-दक्षिणेकडे तोंड करून गोठतात. वाऱ्याने लोळलेलं धान आपण सकाळी पाहतो आणि सांगतो, रात्री वारा कुठून आला होता. तसंच. वारा निघून गेला, धान लोळलेलंच. आणि या कणांची ही दगडातली सुई नुसती डावी-उजवीकडे पाहत नाही, खालीवरही पाहते. पृथ्वीच्या मध्यावर, म्हणजे विषुववृत्तावर, ती आडवी असते, ध्रुवाकडे जावं तशी मान मोडून उभी होत जाते. म्हणून तिची मान पाहून कळतं, दगड मध्यापासून किती लांब थंड झाला. नागपूरच्या पलीकडे तो काळा दगड आहे ना, तो ओतला गेला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या खाली होता आणि वर सरकत चालला होता. वाटेत खाली आग होती. चूल जागेवर आणि वरून तवा सरकतो, तर तव्याला जागोजागी चटके बसतील, तसे हे ज्वालामुखी. मी एकदा विचारलं, "मॅडम, पण चूलच सरकली असेल तर?" मॅडम म्हणाल्या, "सरकते. थोडी थोडी. त्याच्यावरून तर आमची भांडणं आहेत." मला बरं वाटलं. शिकलेली माणसंही एकमेकांच्या चुलीवर संशय घेतात.

या धंद्यात कशाकशावर संशय घ्यायचा, ते ऐका. आधी स्वतःवर. पहिल्या आठवड्यात मी जवळ गेले की होकायंत्राची सुई हलायची, मागे सरले की थांबायची. मॅडमनी मला खालून वर न्याहाळलं. विळा? नाही. चाव्या? नाही. मग त्यांचं बोट माझ्या बांगडीकडे गेलं. बांगडीला सेफ्टीपिनांचा घोस! आता आपल्याकडची कोणती बाई पिनांशिवाय घराबाहेर पडते? पदर सुटला, चप्पल तुटली, पायात काटा गेला, सगळ्याला तीच. पण लोखंड ते लोखंड. तेव्हापासून कामावर जाताना पिना घरी डब्यात आणि छिन्नीसुद्धा पितळेची.

मग होकायंत्राच्या सुईवर संशय घ्यायचा. म्हणून आम्ही सूर्यालाही विचारायचो. तबकडीवर बारीक काडी उभी करायची, सावली कुठे पडते ते वेळेसकट पाहायचं. सुई दगडातल्या लोखंडाने बहकते, सूर्य बहकत नाही. इटियाडोह धरणाच्या बाजूला एका उघड्या टेकडीवर सूर्य एक सांगे आणि सुई भलतंच. मॅडम मला म्हणाल्या, "पूछो, यहाँ बिजली गिरी थी क्या?" बकऱ्या चारणारी एक म्हातारी बसली होती, तिला मी विचारलं. ती म्हणाली, "पडली ना वो! माई काळी बकरी त्याच्यातच गेली. तुले कोणं सांगतलं?" वीज पडली की दगडाची जुनी आठवण पुसली जाते आणि विजेची नवी चढते. असा दगड सोडून द्यायचा. म्हातारी मात्र आम्ही दिसेनासे होईपर्यंत माझ्याकडे पाहत होती. तिच्या बकरीचं मला कसं कळलं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि सगळ्यांत मोठा संशय हा की, दगड जागचा आहे का? जन्मला तिथेच, तसाच आहे का? तोंड फिरवलेला दगड खरं बोलत असला तरी त्याचं काही कामाचं नाही. साक्षीदाराला गरागरा फिरवून विचारलं, चोर कोणत्या दिशेने पळाला, तर तो काय सांगेल?

हे सगळं मी माझ्या माहेरी सांगितलं. आणि तिथेच फसले.

माझं माहेर सालेकसा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. तिकडे लालसर-जांभळा, टणक दगड आहे. तो काळ्या दगडाच्या कितीतरी आधीचा, दोनशे कोटींच्या वरची वर्षं झाली त्याला. मॅडमना तोच हवा होता. इतक्या जुन्या काळीही जमीन आजच्यासारखी सरकत होती का, आणि हा दगड ज्या आगीतून आला ती त्या सरकण्यानेच भडकली होती का, हे त्यांना पाहायचं होतं. मी म्हटलं, चला, माझ्या दादाच्या बंधीला लागूनच आहे.

आम्ही गेलो. वहिनीने चहा टाकला. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ डोमाजी, ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. कमरेला चुन्याची डबी लहानपणापासून पाहतेय मी त्याच्या. मॅडम अंगणात फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या, आनंदात होत्या, आवाज मोठा: "हाँ हाँ, बिजली ही है! पूरा पहाड़ बिजली है! कल से काम शुरू!"

आता झालं असं, की या दगडाला पुस्तकात नावच बिजली आहे. तिकडच्या बिजली नावाच्या गावावरून पडलेलं. वहिनीला हे काय माहीत? तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, डोमाजीच्या बहिणीने बिजलीघरवाले आणले, डोंगर जाणार, बंध्या जाणार, उद्यापासून काम सुरू.

जिल्ह्यात दुसरीकडे बिजलीघर, म्हणजे विजेचा कारखाना, उभं राहिलं तेव्हापासून आमच्याकडे कोणी पँटवाला बंधीत उभा राहिला, की लोक हातातलं काम टाकून सातबारा शोधायला लागतात. त्यात आमच्याकडे मशीन, होकायंत्र, तीन पायांचा स्टँड आणि नळीच्या तोंडाला हिरा. लोकांना चूक कसं म्हणू?

दिवस बुडायच्या आत सगळे दादाच्या अंगणात जमले. चैतरामकाका म्हातारे, गावात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "काऊन वो शकू, तुले माहेर विकाले हेच सापडलं का?"

मी म्हटलं, "काका, बिजली हे दगडाचं नाव हाय. गावाचं नाव हाय."

"दगडाचं नाव बिजली! अन् माया बैलाचं नाव कलेक्टर!"

हसले सगळे. वहिनी दारातूनच बोलली, कोणाकडे न पाहता. "लग्न होऊन गेलेली बाई. ते आता कुठची जागची राहिली? तिले काय, जमीन तं आमची जाऊन राहिली."

ते मला लागलं. खूप लागलं. दादा तंबाखूच मळत राहिला, तेही लागलं. आणि लागलं की मी जास्त बोलते. मी अंगणात बसले आणि सगळं सांगितलं, आता तुम्हाला सांगितलं तसंच. लोळलेलं धान, सुईची मान, चूल, तवा. लोक ऐकत होते. चैतरामकाकांनी विचारलं, "अन् दगड हालवला तं?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मंग तो बेकार. हजार भोकं पाडा, मॅडम त्याले हात नाही लावणार. दगड जागचा पाहिजे!"

मी दादाकडे पाहिलं. तो तंबाखू मळायचा थांबला होता. माझं बोलणं त्याला पटलं, असं मला वाटलं. दुसऱ्यांवर संशय घेण्यात माझी उमर गेली, पण भावावर कोण घेतो?

शेवटी ठरलं की डोंगरावर जायचं नाही, तिथे देव आहे. डोमाजीच्या धुऱ्यालगत दगडांची ओळ आहे, तिथे उद्या सगळ्यांसमोर भोकं पाडा, आम्ही पाहतो. मॅडमनी उजेड होता तोवर त्या दगडांवर खडूने गोल काढून ठेवले. ते दगड डोंगराचाच पाय, पण भेगांनी सुटे झालेले, गुडघ्याएवढे. सुटे असले तरी अंगाला अंग लावून जागच्या जागी बसलेले. मॅडमनी एकेकाला हात लावून पाहिलं होतं.

सकाळी अर्धं गाव धुऱ्यावर. मी पंप पाठीला लावला आणि पहिल्या दगडाजवळ बसले.

दगडाच्या वरच्या अंगाला मातीचा रंग होता, ओलसर. दगडफूल नव्हतं. आपण मसाल्यात घालतो ते दगडफूल, उघड्या दगडावर वर्षानुवर्षं ठिपक्यांनी धरतं. मी वाकून पाहिलं, तर ते खालच्या अंगाला होतं, मातीत तोंड खुपसून. बाजूचं गवत दबलेलं. मुंग्या अंडी घेऊन सैरावैरा पळत होत्या. दुसरा दगड, तसाच. तिसरा, तसाच. सगळ्यांवर पांढरे गोल मात्र बरोबर वर.

मी गोलावरून बोट फिरवलं. खडू असा नसतो. खडू भुकटी होऊन हाताला लागतो. याचा पापुद्रा निघाला. बोटाने काढलेला गोल होता, आणि त्यात तंबाखूची एक काडी चिकटली होती.

दादाच्या डबीतला चुना.

रात्रीतून दादाने, आणि सोबत जे कोणी असतील त्यांनी, सब्बल म्हणजे पहार लावून ती अख्खी ओळ उलटवली होती आणि वरून गोल पुन्हा काढले होते. माझंच ऐकून. मी शिकवलेलं इतकं नीट कोणाच्या डोक्यात गेलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तिथे बसल्या बसल्या माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. काही बोलले नाही तर उलट्या दगडाच्या कांड्या प्रयोगशाळेत जाणार आणि दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा गोंदिया जिल्हा भलत्याच ठिकाणी जाऊन बसणार. बोलले, तर मॅडमकडे सरकारी परवानगीचा कागद होता, त्या तहसिलीत गेल्या असत्या, दादाच्या दारात पोलीस आला असता आणि माझं माहेर संपलं असतं. दादा चार हातांच्या अंतरावर उभा होता. माझ्याकडे पाहत नव्हता. डबी हातात होती, ती त्याने हळूच कमरेला खोचली.

पंपाचा पट्टा मी खांद्यावरून उतरवला.

"मॅडम, ये पत्थर जगह के नहीं हैं."

"कौन सा?"

"पूरी लाइन."

"कल तो थे."

"कल थे."

मॅडम बसल्या. त्यांना कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. त्या दगडात पट्टे असतात, रस वाहिल्याच्या खुणा, ते सगळे उलटेसुलटे झालेले त्यांनी पाहिले. मग गोल पाहिला. मग त्यांनी बोटाने चुना खरवडला आणि वर पाहिलं, आधी माझ्याकडे, मग दादाकडे. आम्हा भावंडांचं नाक एकच, दुरून ओळखू येतं. "किसने..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. सगळं गाव खाली मुंग्यांकडे पाहत होतं.

"सामान उठाओ, शकू," मॅडम म्हणाल्या.

जीपमध्ये बसल्यावर त्यांनी बोटाचा चुना रुमालाने पुसला. मग म्हणाल्या, "जगह बहुत अच्छी थी." मला रडू आलं, पण मी ते दाबून विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तुमच्या या कामावरून उद्या कोणी खाण काढायला, कारखाना टाकायला येऊ शकतो का?" त्यांनी परवानगीचा कागद घडी करून पिशवीत टाकला. म्हणाल्या, "मी त्यासाठी करत नाही. पण मी लिहिणार, ते छापून येणार. कोण वाचेल, ते माझ्या हातात नाही."

त्या खोटं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. खरं बोलल्या, म्हणून दादाचा संशय थोडा माझ्याही पदरात आला. तो आजही आहे. मी त्यांच्याबरोबर पुढेही काम केलं, पण प्रत्येक गावात दगडाला हात लावायच्या आधी मी लोकांना मॅडमचं ते वाक्य जसंच्या तसं सांगायचे. काही गावं नको म्हणाली. मॅडम चिडायच्या. मी म्हणायचे, "आप ही बोले थे."

त्या वर्षी दादाचा फोन नाही. संक्रांतीला नाही, पोळ्याला नाही. मीही केला नाही. वहिनीचं ते वाक्य कामाच्या मध्येच आठवायचं, दुसऱ्यांच्या दगडांना जागचा आहे का विचारताना. भाऊबीज आली. बसमध्ये बसले तेव्हा ठरवलं होतं, दार लोटलेलं दिसलं तर पाणीही न पिता परत फिरायचं.

दार उघडं होतं. पाट मांडलेला होता. वहिनी म्हणाली, "उशीर केला वो बाई. ते सकाळपासून अंघोळ करून बसले हायेत."

मी ओवाळलं. दादाने ताटात साडी ठेवली. मग खालच्या आवाजात विचारलं, "तुले कसं समजलं वो तवा?"

"दगडफूल खाली गेलं होतं, दादा. अन् चुन्यात तंबाखू होता."

त्याने कमरेची डबी चाचपली. "तंबाखू ध्यानात नाही आला," म्हणाला. चुकल्याची खंत होती ती, केल्याची नव्हे. मग म्हणाला, "पण तू माया नाव नाही घेतलं."

"नाव कोणं विचारलंच नाही."

"बिजलीघर आलं का?"

"नाही आलं. येणारच नव्हतं, दादा. मी तुले किती सांगतलं..."

"आलं नाही ना?" त्याने डबी काढली, चुना बोटावर घेतला, निवांत मळायला लागला. "मंग. दगड फिरवला म्हून नाही आलं."

आजपर्यंत त्याचं हेच म्हणणं आहे, आणि गावाचंही. चैतरामकाका गेले तेही तेच म्हणत गेले. माझ्याकडे उलटा पुरावा नाही.

मॅडमचं काम पुढे छापून आलं. त्यांनी मला नकाशा दाखवला. जिथे जिथे भोकं पाडली तिथे तिथे ठिपका. मी बोटाने सालेकसा शोधला. माझ्या माहेराच्या जागी कोरं आहे. मॅडम म्हणाल्या, "वहाँ डाउट है." बरोबर आहे. पण वाईट वाटतं. दोनशे कोटी वर्षं तो दगड तोंड न फिरवता बसून होता, आणि त्याला विचारायला आम्ही पोचलो तर एक दिवस उशीर झाला होता.

आता मी कामाला जात नाही, गुडघे धरतात. पण यंदा माहेरी गेले तेव्हा धुऱ्यावर जाऊन आले. ती ओळ तशीच उलटी आहे. तिच्या वरच्या अंगाला आता दगडफूल धरू लागलंय, बारीक बारीक, राखाडी. अजून थोडी वर्षं गेली की ते दाट होईल. गवत तर कधीच सरळ झालं. चुना धुऊन गेला. मग एखाद्या हिवाळ्यात कोणी नवीन पोरगी मशीन घेऊन तिथे येईल, हात लावून पाहील, वरचं दगडफूल पाहील आणि म्हणेल, हा जागचा दिसतो.

पोरी, थांब. तो जागचा नाही. माझ्या दादाने फिरवलाय.